मराठी रंगभूमीवरील स्त्रीपार्ट आणि नटाची बदलती ओळख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकविला. आणि इतिहास शिकविताना सनावळीपेक्षा ‘हे असे का झाले’ या प्रश्नाला अधिक मान दिला. त्याच वाटेने जाऊन आज मी एक विषय आपल्यासमोर मांडणार आहे. वरवर पाहता तो करमणुकीचा वाटेल. मराठी रंगभूमीवर पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका, त्या करणारे नट, आणि लोकांनी त्या नटांना काळाकाळाने कोणत्या नजरेने पाहिले, हा तो विषय.

बडोद्याच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यास कारण आहे. १८८२ मध्ये या शहरातील एक तरुण कारकून नोकरी सोडून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत गेला आणि शकुंतला झाला. त्यानंतर सदतीस वर्षांनी, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, याच शहरात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला आणि बालगंधर्वांनी सिंधू उभी केली. या दोन घटनांच्या मध्ये स्त्रीपार्टाचा सगळा चढता काळ सामावला आहे. पहिल्याने त्या परंपरेला गळा दिला, दुसऱ्याने तिला कळसाला नेले. उतार त्यानंतर सुरू झाला, आणि तोही आपल्याला पाहायचा आहे.

आधी शब्दाचा विचार करू. ‘स्त्रीपार्ट’ हा नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडातला शब्द. ‘राजापार्ट’, ‘राक्षसपार्ट’ तसा ‘स्त्रीपार्ट’. त्यात नटाच्या स्वभावाविषयी, देहाविषयी किंवा खासगी आयुष्याविषयी एक अक्षरही नाही. आहे ती केवळ कामाची वाटणी. सुतार म्हणावा, गवंडी म्हणावा, तसा ‘स्त्रीपार्टी नट’. हा कोरडा, व्यावसायिक शब्द मला फार मोलाचा वाटतो. पुढील शंभर वर्षांत या कामाभोवती जी भक्ती, जी कुजबुज आणि जी टवाळी साठली, ती त्या शब्दात मुळात नव्हती.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. त्या नाटकांत सीता, मंदोदरी, अहिल्या या भूमिका मुलगे करीत. यात कुणाला नवल वाटले नाही, कारण दशावतारात तेच होते, लळितात तेच होते, तमाशातील नाच्या पोऱ्या तेच करीत होता. भाव्यांच्या नाटकात पद्ये सूत्रधार म्हणत असे. पात्र उभे राही, हातवारे करी, प्रसंगाला धरून चार वाक्ये बोले. गाण्याचा भार सूत्रधाराकडे. तेव्हा स्त्रीपार्ट करणाऱ्या मुलाजवळ नाजूक चेहरा आणि लुगडे सावरण्याचे कसब एवढे असले की भागत असे. त्या मुलांची नावे आज आपल्याला जवळजवळ माहीत नाहीत, आणि मला वाटते प्रेक्षकांनीही ती विचारली नसतील. सीता महत्त्वाची होती. सीता झालेला मुलगा नव्हे.

हे चित्र ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात बदलले. बेळगाव भागातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि सूत्रधाराच्या तोंडची पदे पात्रांच्या तोंडी दिली. संगीत नाटकाचा इतिहास सांगताना आपण या घटनेचा गौरव संगीताच्या अंगाने करतो. स्त्रीपार्टाच्या अंगानेही ती तितकीच मोठी आहे. आता शकुंतलेला स्वतः गायचे होते. नुसते रूप पुरेना. गळा हवा झाला. आणि गळा म्हटला की तो कुणाचा तरी असतो, त्याला नाव असते, त्याला ‘वन्समोअर’ मिळतो. सीतेमागे लपलेला मुलगा प्रथमच नटाच्या रूपाने लोकांना दिसू लागला.

बडोद्याचा तो कारकून म्हणजे लक्ष्मण बापूजी कोल्हटकर, रंगभूमीवरचे भाऊराव. जन्म ९ मार्च १८६३. किर्लोस्करांकडे ते गेले तेव्हा वय एकोणीस. शकुंतला, ‘सौभद्रा’तील सुभद्रा, देवलांच्या ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. त्यांचा आवाज तार सप्तकात चढणारा, धारदार. आर्जवापेक्षा झेप असलेला. आणि लोकांनी त्यांना नाव काय दिले? ‘भावड्या’. घरातल्या धाकट्या मुलाला हाक मारावी तसे हे नाव आहे, आणि ते पुरुषाचे आहे. प्रेक्षक सुभद्रेवर लुब्ध होत होते आणि त्याच श्वासात ‘भावड्या काय गायला!’ असे म्हणत होते. म्हणजे शालूतला पुरुष त्यांना दिसत होता आणि तो दिसण्यात त्यांना काही बिघडल्यासारखे वाटत नव्हते. या दुहेरी पाहण्यात त्या काळच्या रसिकतेचे सारे मर्म आहे असे मी मानतो. आपण आज ते हरवून बसलो आहोत.

भाऊरावांचे पुढे काय झाले, हेही तितकेच बोलके आहे. वय वाढले, अंग भरले, तसे त्यांनी पुरुषभूमिका घेतल्या. ‘शापसंभ्रमा’त ते पुंडरीक झाले, १८९९ साली इंदूरला देवलांचे ‘शारदा’ प्रथम रंगभूमीवर आले तेव्हा कोदंड झाले. कालपर्यंतची सुभद्रा आज जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध उभा राहिलेला ब्रह्मचारी तरुण होते, आणि लोक ते स्वीकारतात. त्यांच्या नावाला स्त्रीत्व चिकटलेले नव्हते, म्हणून ते सोडतानाही काही फाटले नाही. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते गेले. मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला तो गळ्याचा.

त्याचे उत्तर १९०५ साली मिरजेला मिळाले. नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला. ‘बालगंधर्व’ हे नाव त्याला त्याआधीच, लहानपणीचे गाणे ऐकून, लोकमान्य टिळकांनी दिले होते. नाव पुन्हा गाण्याचेच, आणि पुन्हा पुंल्लिंगी. परंतु देवलांसारख्या तालीम मास्तरांच्या हाताखाली या नटाने स्त्रीभूमिकेचा अर्थच पालटला. भाऊरावांची सुभद्रा गात होती. नारायणरावांची भामिनी, रुक्मिणी बसत होती, उठत होती, पदर सारखा करीत होती, रुसत होती. ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ चा. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकिकत आपण सर्वांनी ऐकली आहे. ती सांगताना आपण त्यांच्या व्यवसायनिष्ठेचे कौतुक करतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एका बापाला आपले दुःख गिळून लाडावलेल्या, श्रीमंत, अविवाहित मुलीचा तोरा त्या रात्री दाखवायचा होता. वेषाआड किती माणूस दडपावा लागतो, याचे याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाही.

१९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोदे दरबारचा आश्रय तिला लाभला. १९१६ चे ‘स्वयंवर’, १९२० चे ‘द्रौपदी’. शालू, पैठण्या, खरे दागिने, अत्तराचा घमघमाट, रंगमंचावर गालिचे. घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडे पाहून नऊवारी नेसण्याची, अंबाडा बांधण्याची, गजरा माळण्याची ढब उचलू लागल्या, असे त्या पिढीच्या लोकांनी वारंवार सांगितले आहे. येथे थोडे थांबले पाहिजे. खऱ्या स्त्रीने कसे दिसावे हे एक पुरुष ठरवीत होता, आणि प्रेक्षागृहातील स्त्री ते पाहून शिकत होती. त्याच वेळी खऱ्या स्त्रीला त्या रंगमंचावर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. कुलीन घरातील मुलगी रंगभूमीवर येणे म्हणजे घराण्याला काळिमा; आणि ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाणे होते त्या कलावंत स्त्रियांना प्रतिष्ठित मंडळ्यांचे दार बंद. बालगंधर्वांच्या मोठेपणाला उणेपणा न आणता हे म्हणता येते आणि म्हटले पाहिजे. त्यांनी निर्माण केलेली स्त्री अलौकिक होती. पण तिच्या अलौकिकतेची किंमत रंगभूमीपासून दूर ठेवलेल्या स्त्रियांनी मोजली.

‘एकच प्याला’ मात्र या सगळ्याला छेद देणारे नाटक. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. चार आठवड्यांनी बडोद्यात पडदा वर गेला. ज्या नटाच्या शालूंची वर्णने घरोघर होत, तो येथे दारुड्याची बायको म्हणून ठिगळाच्या लुगड्यात आला, जात्याशी बसला. पदेही दरबारी थाटाची नव्हती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचलेली, घरगुती दुःखाची होती. वैभव काढून घेतल्यावर त्या नटाजवळ काय उरते याची ही परीक्षा होती, आणि ती या गावाने घेतली. मी बालगंधर्वांना रंगभूमीवर पाहिलेले नाही. माझ्या पिढीतील फार थोड्यांनी पाहिले असेल. ध्वनिमुद्रिका आणि छायाचित्रे एवढीच आमची सामग्री. तरीही छायाचित्रांतली भामिनी आणि छायाचित्रांतली सिंधू शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. भामिनी आपल्याकडे पाहते. सिंधू पाहत नाही.

आता एका रात्रीकडे वळतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची ती मध्यरेषा आहे. ८ जुलै १९२१, मुंबई, बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. त्या रात्रीच्या जुगलबंदीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी कोणाला मागे टाकले हा वाद अजूनही जुन्या रसिकांत रंगतो. पण केशवराव कोण होते? कोल्हापूरचा हा मुलगा स्वदेशहितचिंतक मंडळीत लहानपणी शारदा करून गाजला होता. १९०८ साली हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली, ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’मध्ये मृणालिनी झाले, आणि मग ठरवून पुरुषभूमिकांकडे वळले. म्हणजे त्या रात्री रंगमंचावर समोरासमोर उभे असलेले दोघेही स्त्रीपार्टी नट होते. एक तीस वर्षांचा, एक तेहतीस वर्षांचा. एकाने लुगडे उतरवून कमरेला तलवार बांधली होती. दुसरा अजून शालूत होता. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. (कोल्हापूरचे त्यांच्या नावाचे नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत भस्मसात झाले, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

एकाला बाहेर पडता आले आणि दुसऱ्याला का आले नाही? स्वभावाचे कारण लोक सांगतात. मला व्यवहाराचे कारण अधिक पटते. केशवरावांची कीर्ती गळ्याच्या तडफेवर उभी होती आणि ती तडफ धैर्यधराला शोभून दिसत होती. गोव्यातील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांचेही तेच. ‘भावबंधना’तली लतिका, १९२७ च्या ‘रणदुंदुभी’तली तेजस्विनी त्यांनी केल्या आणि धैर्यधरही केला. त्यांच्या स्त्रियांतही एक आक्रमक तेज होते, त्यामुळे हा प्रवास त्यांना अवघड गेला नाही. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, यांनीही उमेदीच्या काळात स्त्रीभूमिका केल्या; आज त्यांचे नाव निघते ते ख्यालगायक आणि भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांचे गुरू म्हणून. लुगडे लोकांच्या आठवणीतून पार पुसले गेले. नारायणरावांचे तसे होणे शक्य नव्हते. त्यांची सारी मंडळी, तिच्यातील पोशाखी, साजिंदे, आचारी, आश्रित, आणि त्यांच्या डोक्यावरचे कर्ज, हे सर्व रुक्मिणीच्या पदरावर तोललेले होते. लोक तिकीट काढीत ते रुक्मिणीला पाहण्यासाठी. मायबाप रसिकांना ‘देवा’ म्हणून हात जोडणाऱ्या या माणसाला त्या देवांनी वय वाढू दिले नाही.

सिनेमाने हे निर्दयपणे उघड केले. सिनेमाचा आरंभही स्त्रीपार्टानेच झाला होता. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला त्यांनी लुगडे नेसविले. राणीच्या दासी झालेल्या काहींनी मिशा काढण्यास नकार दिला, कारण बाप हयात असता मिशी उतरवायची नसते, अशी आठवण सांगतात. ती हसण्यावारी नेऊ नये. रंगभूमीवरचा स्त्रीपार्टी नट रोज एक सामाजिक संकेत मोडून कामाला उभा राहत होता, हे त्यातून कळते. १९१७ च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. पण फाळक्यांनीच १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकींना पडद्यावर आणले होते, वाट तेथूनच फुटली. नाटकगृहातील मागच्या रांगेतून जी रुक्मिणी दिसे, ती कॅमेऱ्याला हातभर अंतरावरून दिसू लागली. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथ झाले, म्हणजे पुरुष झाले. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, वय एकोणपन्नास. तो चित्रपट चालला नाही. याउलट विष्णुपंत पागनीस पाहा. लहानपणापासून स्त्रीभूमिका केलेला हा नट १९३६ साली ‘संत तुकाराम’ झाला आणि लोकांनी त्यालाच तुकाराम मानले, इतके की पुढे पुष्कळ तसबिरींतून तुकोबांचा चेहरा म्हणून पागनिसांचा चेहरा रूढ झाला. ती हळुवार नजर, ते नमते बोलणे यांत स्त्रीपार्टाची तालीम नव्हती असे कोण म्हणेल?

दरम्यान स्त्रिया रंगमंचावर आल्या, आणि त्या एका वाटेने आल्या नाहीत. बेळगावसारख्या ठिकाणी केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या. त्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. म्हणजे एकीकडे पुरुष सुभद्रा होत होते तेव्हा दुसरीकडे स्त्रिया अर्जुन होत होत्या. परंतु नाट्येतिहासाने पहिल्यांच्या प्रत्येक नथीची नोंद ठेवली आणि दुसऱ्यांच्या फेट्याला चार ओळी दिल्या. या अन्यायाची भरपाई आपल्या सीमाभागातील संशोधकांनी करावी अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. बडोद्याचे नाव आडनावातच बाळगणाऱ्या हिराबाईंनी संगीत नाटकात नायिका केल्या. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी पुरुष नटांच्या बरोबरीने काम केले, तेव्हा शिष्टसंमत रंगभूमीने हा प्रश्न निकालात काढला असे म्हणता येईल. १९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या. त्यांचे गाणे हुबेहूब बालगंधर्वांच्या वळणाचे. त्या नायिका करू लागल्या आणि नारायणराव पुरुषभूमिका. एका पुरुषाने स्त्रीसाठी घडविलेली गायकी एका स्त्रीने आत्मसात केली आणि ती त्याच्यासमोर उभी राहून गाऊ लागली! टीका झाली, त्या टीकेत धर्माचा आणि जातीचा विखार किती होता हेही नोंदवून ठेवले पाहिजे. वय सरल्यावरही नारायणरावांनी अधूनमधून सिंधू केली, रुक्मिणी केली. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले.

गुजरातेत राहून या विषयावर बोलताना जयशंकर ‘सुंदरी’ यांचे नाव न घेणे कृतघ्नपणाचे होईल. विसनगरचे जयशंकर भूधरदास भोजक हे बालगंधर्वांहून वयाने एका वर्षाच्या आतबाहेर लहान. १९०१ साली ‘सौभाग्य सुंदरी’ नाटकात त्यांनी सुंदरी केली आणि ते नाव त्यांना जन्मभर चिकटले. भावड्या आणि बालगंधर्व ही गायकाची नावे होती. ‘सुंदरी’ हे भूमिकेचे नाव. ते त्यांनी लाजून टाकले नाही. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की, वेष करून आरशासमोर उभे राहिल्यावर आपल्याच आतून एक तरुणी प्रकट होते आहे असे त्यांना वाटले. १९३२ साली रंगभूमी सोडून ते गावी परतले, आणि पुढे अहमदाबादेस दिग्दर्शक म्हणून पुन्हा उभे राहिले. १९५३ च्या ‘मेना गुर्जरी’त नायिका दीना गांधी होत्या, म्हणजे पुढच्या दीना पाठक, तालीम देणारे होते ‘सुंदरी’. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले तेही याच नावाने.

व्याख्यानांनंतर तरुण श्रोते मला एक प्रश्न हमखास विचारतात : ही मंडळी ‘खरोखर तशी’ होती काय? प्रश्नामागे कधी कुतूहल असते, कधी हेटाळणी, आणि अलीकडे कधी कधी आत्मीयताही असते. आपल्यासारखे कोणी आधी होऊन गेले काय, असे विचारणारा आवाज मला वेगळा ओळखता येतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच म्हणेन की, मेलेल्या माणसाच्या मनात शिरण्याचा परवाना आपल्याला नाही. जयशंकरांनी स्वतः लिहून ठेवले ते प्रमाण. नारायणरावांनी तसे काही लिहून ठेवलेले नाही, तेव्हा त्यांच्या वतीने ‘होय’ म्हणणे जितके बेजबाबदार, तितकेच ‘छे छे, ते अगदी मर्द गडी होते’ असे छाती ठोकून सांगणेही. चरित्रकारांची ही दुसरी घाई मला अधिक खटकते. तिच्यात त्या नटांविषयी प्रेम कमी आणि स्वतःची भीती अधिक आहे.

ही भीती भाऊरावांच्या प्रेक्षकांना नव्हती. ती केव्हा शिरली? स्त्रिया रंगभूमीवर आल्या त्यानंतर, असे मला वाटते. तोवर पुरुषाने लुगडे नेसणे ही रंगभूमीची गरज होती; गरज संपली तसा प्रत्येक लुगडे नेसलेला पुरुष एक तर सोंग ठरला, नाही तर संशयास्पद. सोंगाला लोक हसू लागले. आचार्य अत्र्यांनी एका इंग्रजी प्रहसनावरून केलेले ‘मोरूची मावशी’ १९८५ पासून विजय चव्हाणांनी अफाट गाजविले. मीही ते पाहिले आणि पोट धरधरून हसलो. पण हसण्याचे यंत्र कसे चालते पाहा. मावशी पुरुष आहे हे आपण क्षणभरही विसरता कामा नये. विसरलो तर विनोद मेला. सुभद्रेचे उलट होते : पुरुष आहे हे ठाऊक असूनही ती सुभद्राच वाटे. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तही तेच यंत्र आहे, मोठ्या सफाईने चालविलेले. आणि संशयाचा वाटा आला तो तमाशातील नाच्याच्या पदरी. मराठी चित्रपटांत नाच्या रंगविणारे गणपत पाटील हे घरसंसार असलेले गृहस्थ. परंतु पडद्यावरची चालढाल लोकांनी त्यांच्या खासगी आयुष्यावर लादली आणि त्याचा त्रास त्यांना व त्यांच्या कुटुंबाला सोसावा लागला. आनंद यादवांची ‘नटरंग’ कादंबरी याच जखमेवर उभी आहे. सुभद्रा झालेल्या भाऊरावांना कोदंड होता आले. नाच्याला नाच्याखेरीज काही होऊ दिले गेले नाही. मंडळी बदलली, वेष तोच. मधल्या काळात पाहणाऱ्याचे डोळे बदलले होते. आणि जातीचा, पैशाचा, प्रतिष्ठेचा भेद तर होताच : संगीत नाटकाच्या शालूला राजाश्रय होता, तमाशाच्या लुगड्याला नव्हता.

आज मुंबई-पुण्यात ‘ड्रॅग’ या नावाने जे प्रयोग होतात, विशेषतः ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उघडपणे होऊ लागले आहेत, त्यांतील कलावंत रंगमंचासाठीचे नाव स्वतःच निवडतात. भावड्या, बालगंधर्व, सुंदरी ही सारी लोकांनी दिलेली नावे होती. पुरुषांनी सादर केलेल्या लावणीलाही आता स्वतंत्र प्रेक्षक आहे. ज्येष्ठ मंडळींपैकी काहींना हे परके वाटते; मला ते तितके परके वाटत नाही. आणि सिंधुदुर्गात व गोव्यात दशावताराच्या जत्रांतून आजही पुरुष द्रौपदी होतो, आपले लुगडे आपणच नेसतो, आपला चेहरा आपणच रंगवतो, आणि गावकरी त्याला सकाळी त्याच्या नेहमीच्या नावाने हाक मारतात. तेथे ना हशा, ना कुजबुज. भाव्यांच्या आधीची नजर तेथे शिल्लक आहे.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पूर्वी मुलांच्या शाळांतून स्नेहसंमेलनात स्त्रीपार्ट मुलगेच करीत. आपल्या घरच्या जुन्या ट्रंकांत अशा नाटकांची छायाचित्रे, हँडबिले असतील. ज्याने लुगडे नेसले त्याने ती पुष्कळदा लपवूनही ठेवली असतील. ती बाहेर काढा आणि शाळेच्या ग्रंथालयाकडे द्या. देण्यापूर्वी छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने साल लिहा, आणि दोन्ही नावे लिहा : भूमिकेचे आणि मुलाचे.